मधल्या वाटेवरची खुर्ची

आई, तू असतीस तर हे सगळं तुला देवळाच्या पायरीवरच सांगितलं असतं, चपला घालता घालता. तू नाहीस म्हणून लिहिते आहे. देवळातला महिला रविवार होऊन पंधरवडा उलटला, तरी माझा आनंद काही ओसरत नाही. भाकरी थापताना मध्येच हसू येतं, आणि तुझे जावई पेपरातून डोकं वर काढून विचारतात, "आता काय आठवलं?" मी म्हणते, "तेच." ते म्हणतात, "पुरे आता, भाकरी करपतेय." करपू दे एखादी. डाळ शिजली की उरलेल्या वाफेवर पाणी तापवून घेणारी मी, आणि मी असं म्हणते आहे म्हणजे बघ. आपल्या धाकटीला मंडळीत जागा मिळाली, आई. बायकांच्या बाजूला, बायकांच्या बाकावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हो, धाकटीच म्हणते आहे. तू "माझं धाकटं" म्हणायचीस आणि बाबा "माझा मुलगा" म्हणायचे, तीच ती.

शरणपुरातल्या आपल्या दोन खोल्यांतलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तू बायबलबाई. पांढरं पातळ, काळी छत्री, कापडी पिशवीत पुस्तक. पेठच्या एसटीने सकाळी निघायचीस, पाड्यांवरच्या बायकांना वचन सांगून दिवेलागणीला परत यायचीस, आणि पिशवीत कुणीतरी प्रेमाने दिलेली नागली असायची. स्टोव्हवर तिच्या भाकरी व्हायच्या आणि तिथेच आपली संध्याकाळची प्रार्थना. वाचायची पाळी माझी, कारण मी मॅट्रिकच्या वर्गात आणि माझा आवाज खणखणीत. त्या दिवशी बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांमधला तो धडा होता. दूरदेशच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत चाललाय, देवाचा सेवक फिलिप्प धावत जाऊन त्याला गाठतो, अर्थ सांगतो, आणि वाटेत पाणी दिसल्यावर तो माणूस विचारतो की माझा बाप्तिस्मा व्हायला आता काय हरकत आहे. मी वाचते आहे. खजिनदार वाचते, मोठा अधिकारी वाचते, आणि त्याच्याबद्दलचा तो एक शब्द मात्र अलगद ओलांडून पुढे जाते. तव्यावरची भाकरी तशीच ठेवून तू माझ्याकडे वळतेस. "थांब. गाळलंस."

"काय?"

"काय ते तुला माहीत आहे. देवाला जो शब्द आपल्या पुस्तकात ठेवायला लाज वाटली नाही, तो वाचायला तुला लाज वाटते? परत वाच. पहिल्यापासून."

बाबा खाकरले. माझे कान तापले. मी परत वाचलं, आणि तो शब्द आला तेव्हा 'षंढ' असं पुटपुटून पुढे पळाले. धाकटं त्या वेळी असेल सातआठ वर्षांचं. पिठाच्या गोळ्याची बाहुली करत बसलं होतं. त्याने मान वर न करता विचारलं, "आई, षंढ म्हणजे काय?" बाबा म्हणाले, "गप बस." तू म्हणालीस, "ज्याला लोक इकडचाही म्हणत नाहीत आणि तिकडचाही म्हणत नाहीत, तो. आणि ज्याच्यासाठी देवाने आपला माणूस रस्त्यावर पळवला, तोही तोच." धाकट्याने बाहुलीला पदर लावला आणि थोड्या वेळाने परत विचारलं, "मग बाप्तिस्मा झाल्यावर तो देवळात कुठे बसला? बायकांकडे का माणसांकडे?" तुला हसू आलं. तू म्हणालीस, "ते लिहिलेलं नाही, बाळा."

मला वाटतं तू तेव्हाच ओळखलं होतंस. आम्हाला फार उशिरा कळलं. नव्वदच्या सुरुवातीला धाकट्याच्या केसांवरून, चालण्यावरून, माझ्या ट्रंकेतल्या ओढणीवरून घरात रोज खटके उडायला लागले, आणि एका दुपारी बाबांनी हाताला धरून दाराबाहेर काढलं. ते जे गेलं ते मनमाडकडे कुणाकुणाबरोबर राहिलं असं कानावर यायचं. घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. तू वाद घातला नाहीस. तुझी रीत वेगळी. रोजच्या प्रार्थनेत तू आमची सगळ्यांची नावं एकेक करून घ्यायचीस, माझं, ह्यांचं, माझ्या लेकरांचं, शेजारच्या घरांचं, पाड्यांवरच्या बायकांचं, आणि शेवटी बाबांच्या समोर बसून म्हणायचीस, "आणि प्रभू, ज्याचं नाव मला घ्यायचं नाही, त्याचं तूच घे." बाबा आमेन म्हणायचे. म्हणावंच लागायचं. तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते, तू गेल्यावर एकदा बाबा जेवता जेवता थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ते नीट जेवत असेल ना गं?" कोण ते, असं मी विचारलं नाही. म्हटलं, "जेवत असेल." त्यांनी परत घास घेतला.

तुझ्या शेवटच्या दिवसांतली दवाखान्यातली ती सकाळही आठवते. खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर आलं होतं आणि तू म्हणालीस, "ट्रंकेत निळ्या काठाचं पांढरं पातळ आहे. ते धाकट्याला दे." मी तुला धीर द्यायला म्हटलं, "देईन हं, त्याचं लग्न झालं की त्याच्या बायकोला देईन." तू डोळे मिटलेस. "बायकोचं नाव काढलं का मी?" इतकंच म्हणालीस. मी ते पातळ डांबरगोळ्या घालून ठेवलं आणि दर उन्हाळ्यात ऊन दाखवत राहिले.

धाकटी परत आली ती बाबाही गेल्यावर, कुंभमेळ्याच्या वर्षी. सगळं नाशिक परक्या माणसांनी भरून गेलेलं, कोण कुठला कुणी बघत नव्हतं, तेव्हा हिने पंचवटीत एक खोली घेतली आणि शिलाई मशीन टाकलं. ब्लाउज, परकर, साड्यांना फॉल. शिकली होती तिकडेच कुणाकडे तरी. एका दुपारी माझ्या दारात उभी राहिली. साडी, अंबाडा, हातात द्राक्षांची पिशवी. "सलाम, ताई," म्हणाली. तो आवाज तोच होता गं, पिठाची बाहुली करणारा. मी तिला आत घेतलं आणि चहाच्या आधी ट्रंक उघडली. पातळ हातात घेऊन ती इतकंच म्हणाली, "आईने कुणासाठी म्हणून ठेवलं होतं?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच म्हणाली होती. मलाच समजायला वेळ लागला."

पुढच्या रविवारपासून ती उपासनेला यायला लागली. पण आत नाही. देवळाच्या पायरीवर बसायची, गीतं सगळी पाठ, तिथूनच म्हणायची. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे वाट. नवराबायको दारापर्यंत एकत्र येतात आणि उंबऱ्यात वेगळे होतात. कुणी कधी विचारलं नाही का ते. ती पायरीवर बसायची, कारण आत आल्यावर कुठे वळायचं हे तिला कुणी सांगत नव्हतं आणि ती स्वतः विचारत नव्हती. शेवटी पंचांच्या सभेत विषय निघाला. तुझे जावई आता पंचांमध्ये आहेत. पंचांचे सेक्रेटरीकाका म्हणाले म्हणे, मोशेच्या नियमशास्त्रात अशा माणसाने मंडळीत येऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. ह्यांनी आणि पाळकसाहेबांनी म्हटलं की माणूस प्रार्थनेला येतोय, त्याला उन्हात बसवणं बरं नाही. मग वाद सुरू झाला की आत घ्यायचं तर कुठे. पुरुषांकडे साडी कशी बसणार आणि बायकांकडे हा कसा बसणार. सभेहून हे घरी आले ते खुशीत.

"सुटला प्रश्न," म्हणाले. "मधल्या वाटेवर खुर्ची ठेवायची. ना डावीकडे, ना उजवीकडे. कुणाचीच तक्रार नाही."

"आणि तिची?"

"तिची कशी असेल? आत बसायला मिळतंय की. पंखासुद्धा आहे तिथे."

"बायकांना विचारलं का कुणी, आमची काही हरकत आहे का म्हणून?"

"त्यात बायकांना काय विचारायचं?" म्हणाले, आणि मग माझं तोंड बघून हळूच म्हणाले, "खुर्ची आपलीच देऊ. वेताची. चांगली आहे."

मनाने वाईट नाहीत गं ते. खरंच तिला बरं वाटावं म्हणून त्यांच्या वडिलांची वेताची खुर्ची त्यांनी पुसून, डोक्यावर घेऊन देवळात नेली. पण आई, चांगुलपणाने केलेली चूक फार अवघड असते. ती खुर्ची वाटेच्या मधोमध, दाराजवळ. दानाची थैली डावीकडून फिरायची, उजवीकडून फिरायची, आणि मधे तिच्यापुढे न्यायची कोणी यावरून दोन्ही स्वयंसेवक एकमेकांकडे बघायचे. एका लग्नात नवरीचा घोळ खुर्चीच्या पायात अडकला आणि सगळी वरात थांबली. प्रभुभोजनाला आधी पुरुष कठड्यापाशी जायचे, मग बायका, आणि सगळे परत येऊन बसले की मग ती एकटी. सगळ्या मंडळीच्या नजरा पाठीवर घेऊन ती जायची आणि यायची. पाळकसाहेब तिला भाकर आणि द्राक्षरस इतरांना देत तसाच द्यायचे, पण त्या वाटेवर तिची चप्पल वाजलेली सगळ्यांना ऐकू यायची.

पावसाळा संपता संपता मी तिच्या खोलीवर गेले होते. ती मशीनवर वाकलेली. न बघताच म्हणाली, "ताई, महिला रविवार झाला की मी येणार नाही."

"कुठे येणार नाहीस?"

"देवळात. पायरीवर बरी होते मी. पायरी सगळ्यांची असते, भिकारीसुद्धा बसतो. ती खुर्ची फक्त माझी आहे. मला नको आहे फक्त माझी जागा." मग मशीन थांबवून म्हणाली, "आईच्या देवळात एकदा शेवटचं तिचं पातळ नेसून येईन. मग घरीच प्रार्थना करीन. देव काय, पंचवटीत पण असतो."

ती खोटं कधी बोलली नाही, तुला माहीत आहे. गेली असती ती, कायमची. मला झोप नाही, जेवण नाही. मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, वचन काय म्हणतं?" तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "वचनाबद्दल माझ्या मनात शंका नाही, बाई. नियमशास्त्रात दार बंद आहे, यशयात देव स्वतः सांगतो की अशांना मी माझ्या घरात मुलामुलींपेक्षा चांगलं नाव देईन, आणि फिलिप्प त्या रथात चढतो तेव्हा ते दार उघडलेलंच आहे. मला भीती मंडळी फुटायची आहे. मला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात."

"दोन बाजू आहेत, तिथेच तर सगळा घोटाळा आहे," मी म्हटलं.

ते थोडं हसले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "महिला रविवार तुम्हा बायकांचा असतो. त्या दिवशी मी फक्त प्रभुभोजन देतो. बाकी काय करायचं ते महिला मंडळाच्या भगिनी ठरवतात. पंचसुद्धा मधे बोलत नाहीत, अशी जुनी रीत आहे." आणि मला जाताना पाळकीणबाईंनी चहा दिला, त्यात साखर जरा जास्तच होती.

ते दार, निरोप आणि रथ, आई, तू पेठच्या पाड्यावर असंच सांगायचीस. एकदा तू मला बरोबर नेलं होतंस. अंगणात बायका बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या हातात सूप. तू सांगत होतीस की आधी दाराला कडी होती, मग देवाचा निरोप आला की कडी निघणार आहे, आणि मग तो रथ आला. एक म्हातारी न राहवून मधेच म्हणाली, "बाय, मंग त्यो पान्यात उतरला का नाय?" तू म्हणालीस, "उतरला की!" आणि त्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जणू त्यांच्याच घरातलं कुणी परत आलं होतं. पाळकसाहेबांच्या घरून चालत येताना मला त्या टाळ्या ऐकू येत होत्या.

आता नर्समावशींचं सांगते. तुला त्या चांगल्या आठवतील. त्यांनी आयुष्यभर बाळंतपणं केली, आपल्या मंडळीतली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, धाकटीसुद्धा. आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहिल्या बाकावर काठी आडवी टाकून बसतात. धाकटीबद्दल त्यांचं म्हणणं एकच, "माझ्या शेजारी नको. मला बोलायला लावू नका." त्या पहिल्या बाकाचं ऐकून मागची सगळी बाकं वागतात. त्यांचा खांदा धरला होता, हात मागे जात नाही, नेहमीचं पाठीवर बटणांचं ब्लाउज घालता येत नाही. मी धाकटीला घेऊन त्यांच्या घरी गेले, शिलाईचं काम म्हणून.

"हात वर करा, मावशी," धाकटी टेप घेऊन म्हणाली.

"वर होत असता तर तुला बोलावलं असतं का?"

"मग पुढून बटणं लावू."

"पुढून? या वयात?"

"या वयातच शोभतात."

म्हातारी खुदकन हसली आणि हसल्याचा राग येऊन तिने तोंड फिरवलं. धाकटी तिच्याभोवती फिरून माप घेत होती, तोंडात टाचण्या. मावशी एकदम म्हणाल्या, "तू झालीस तेव्हा लाइट गेली होती. कंदिलाच्या उजेडात बघून मीच ओरडले, मुलगा झाला म्हणून. तुझ्या बापाने पेढे वाटले." टाचण्या काढून धाकटी शांतपणे म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही, मावशी. दिसलं ते बोललात." मावशींनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बाही जरा सैल ठेव." निघताना मी दारात चपला शोधत होते, तर आतून परत आवाज आला, "पातळाला शोभेल असं शिव गं. महिला रविवारी घालीन म्हणते."

महिला रविवार उजाडला. डिसेंबरची सकाळ, सगळ्यांनी शाली पांघरलेल्या. महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून उपासनेनंतरच्या जेवणाची सगळी सोय मी बघते. मंडपवाल्याच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या देवळाच्या दाराबाहेर ओट्यावर एकात एक रचून ठेवल्या होत्या. धाकटी तुझं निळ्या काठाचं पातळ नेसून आली. आई, तुझ्या निऱ्या जशा पडायच्या तशाच पडल्या होत्या. ती आत आली आणि मधल्या वाटेवरच्या त्या वेताच्या खुर्चीवर बसली, पदर डोक्यावर घेऊन. मला ठाऊक होतं की ती शेवटची बसली आहे. हे उजवीकडून माझ्याकडे बघत होते. त्यांनाही मी सांगितलं होतं. त्यांचा चेहरा पडला होता.

धडा वाचायची पाळी माझी होती. धडा आम्ही निवडला होता, तोच. राणीचा खजिनदार, रथ, वाळवंटातली वाट. मी कठड्यापाशी उभी राहिले. आणि तो शब्द आला. मी थांबले, आणि मग तो असा वाचला की मागच्या भिंतीवर आपटून परत आला. एकही माणूस हसलं नाही. पुढे तो शब्द पुन्हा आला तेव्हा पुन्हा तसाच वाचला, त्या धड्यात तो येतच राहतो, आणि दर वेळी माझा आवाज मोकळा होत गेला. धाकटीने मान वर केली. तुझ्या स्टोव्हची घरघर माझ्या कानात होती. पाण्यापाशी पोहोचले, त्याने विचारलेला प्रश्न वाचला, आणि पुस्तक मिटून जागेवर बसले.

पुढे गीत होतं. पेटीवाल्याने सूर धरला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठीचा आवाज आला. नर्समावशी उठल्या. सगळ्यांना वाटलं म्हातारीला बाहेर जायचंय. त्या मधल्या वाटेने एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेल्या, ओट्यावरची वरची एक लाल खुर्ची चांगल्या हाताने ओढली, आणि ती शहाबादी फरशीवर कर्र कर्र करत आत आणली. पेटी थांबली. त्यांनी खुर्ची धाकटीच्या खुर्चीला चिकटवून ठेवली आणि बसल्या. अंगात नवं ब्लाउज, पुढून बटणांचं. मग धाप आवरून, साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही जन्मली तेव्हा पहिली बातमी मीच दिली होती. कंदील होता, घाई होती. अर्धीच दिली. आज पुरी देते. मुलगी आहे. चला, गीत घ्या पुढे."

सेक्रेटरीकाका उठून उभे राहिले. "मावशी, ही उपासना आहे," म्हणाले.

"माहीत आहे. तूही माझ्याच हातावर झालास. खाली बस."

आणि आई, ते बसले! मग पाळकीणबाई उठल्या. त्यांनी बाहेर जाऊन खुर्ची आणली. मग शिक्षिका आहेत त्या दोघी जावा, मग माझ्या मागच्या बाकावरची, जी पायरीवरून जाताना धाकटीला वळसा घालायची, ती. खुर्च्यांची नुसती रांग लागली. लहान पोरींना तर ऊत आला, त्या दोनदोन खुर्च्या डोक्यावर घेऊन येत होत्या. मी माझी खुर्ची धाकटीच्या मागे ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा खांदा हलत होता. डावीकडची बाकं रिकामी झाली, आणि मधली वाट वेदीपासून दारापर्यंत बायकांनी भरून गेली. वाटच उरली नाही. डावीकडचं काय आणि उजवीकडचं काय, बोलायला जागा राहिली नाही. उजवीकडच्या बाकांच्या टोकाशी आता बायका येऊन भिडल्या होत्या आणि पुरुष गीतपुस्तकं हातात धरून बावचळल्यासारखे बघत होते. मग त्यातून एक उठला. तुझे जावई. ते बाकांमधून वाट काढत आले, कुणाच्या पायावर पाय देत, "सॉरी, सॉरी" म्हणत, आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कानात म्हणाले, "खुर्ची चुकली माझी." मी म्हटलं, "आता बसा." गीत सुरू झालं. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांचा आवाज गीतात किती बेसूर लागतो ते मला त्या दिवशी कळलं. देवळात कधी शेजारी बसलोच नव्हतो. आई, मी रडत होते आणि हसत होते आणि ते आपले दुसऱ्याच पट्टीत.

प्रभुभोजनाच्या वेळी आधी कोण आणि मग कोण हे कुणालाच कळेना. रांगाच करता येत नव्हत्या. पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "जसे आहात तसे या. ख्रिस्तामध्ये पुरुष नाही, स्त्री नाही, असं पौलाने लिहिलंय. मी ते पुष्कळदा शिकवलं. आज दिसलं." मग जे जवळ होते ते कठड्यापाशी आले. नवऱ्याशेजारी बायको, सुनेशेजारी सासरा. नर्समावशींना गुडघे टेकता येत नाहीत, त्यांना एका बाजूने धाकटीने धरलं होतं. दोघींनी एकदम हात पुढे केले. त्यात धाकटीच्या चपलेचा आवाज ऐकू आला नाही, तिच्या आजूबाजूला इतक्या चपला वाजत होत्या.

सगळेच आले असं तुला खोटं सांगणार नाही. सेक्रेटरीकाका आपल्या बाकावरून हलले नाहीत, अजून तीनचार घरं त्यांच्या बाजूची आहेत. जेवणाच्या वेळी ते म्हणाले, "हे आजच्यापुरतं." मी त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हटलं, "रस्सा घ्या, काका." पुढच्या रविवारी देवळाची वाट परत मोकळी होती, बाकं जिथल्या तिथे. धाकटी दारात आली आणि सवयीने थबकली. पहिल्या बाकावरची काठी उचलली गेली. "अगं ये ना, की आमंत्रणपत्रिका छापू?" नर्समावशी म्हणाल्या. ती गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. ती मागच्या बाकावरची बाई आता तिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकते आणि माप चुकलं म्हणून उपासनेनंतर भांडते. इतकी ती आमच्यातली झाली आहे.

त्या पिठाच्या बाहुलीच्या दिवशी तिने विचारलं होतं ना, तो देवळात कुठे बसला, आणि तू म्हणालीस ते लिहिलेलं नाही. मी परवा तिला आठवण करून दिली. तिला प्रश्न आठवत नव्हता. तुझं हसणं आठवत होतं. म्हणाली, "ताई, लिहिलेलं नाही ते बरंच झालं. आपल्याला काहीतरी करायला उरलं."

वेताची खुर्ची घरी परत आली आहे. तिच्यावरच बसून हे लिहिते आहे. हा कागद तुझ्यापर्यंत यायचा नाही, आणि कबरीवर ठेवून वाऱ्यावर सोडायला मी काही पोरसवदा नाही. एका बाजूला कोरा आहे, त्यावर नाताळच्या करंज्यांचं सामान लिहीन. फक्त एक राहिलं. मंडळीत सगळे म्हणतात, त्या दिवशी पवित्र आत्म्याने बायकांना एकाएकी उठवलं. उठवलंच. पण मंडपवाला खुर्च्या नेहमी जेवणाच्या वेळी आणतो. त्याला उपासनेच्या आधी यायला मी सांगितलं होतं, आणि जेवणाऱ्यांपेक्षा जास्त आणायला सांगितलं होतं, आणि जास्तीच्या भाड्यावरून घासाघीस केली नव्हती. त्या दिवसापासून मला जो गर्व झाला आहे, तो रोज रात्रीच्या प्रार्थनेत कबूल करायचा असं ठरवते, आणि रोज उद्यावर टाकते. आणखी थोडे दिवस राहू दे म्हणते.